येणाऱ्याचा वाटा

१

रविवारी साडेअकरा वाजले की आमच्या वाडीत कुणी आपल्या घरात थांबत नाही. फ्रान्समधल्या या क्रूझ जिल्ह्याच्या हिवाळ्यात करण्यासारखं दुसरं आहे तरी काय? लाकडं फोडा, शेगडीत घाला, आणि रविवारी एकमेकांकडे जाऊन जेवणाआधी एकेक पेला घ्या. त्याला इथे अपेरो म्हणतात. एका रविवारी सोलांजबाईंकडे, दुसऱ्या रविवारी फेर्नां आणि ओदेतकडे, तिसऱ्या रविवारी आमच्याकडे. वाडीत घरं चार, पण चौथं कित्येक वर्षं बंद, म्हणून पाळी तिघांतच फिरते.

आम्ही मूळचे इंग्लंडातल्या यॉर्कशरचे. माझं नाव बेरिल. एका शाळेच्या स्वयंपाकघरात मी सव्वीस वर्षं मुख्य होते. तीनशे दहा मुलं, तीनशे दहा ताटं. एक ताट उरायचं नाही आणि एक पोर उपाशी जायचं नाही, असा माझा खाक्या. माझा नवरा माल्कम बस दुरुस्त करायचा. निवृत्त झाल्यावर त्याच्याच हट्टाने हे दगडी घर घेतलं, त्याला आता नऊ वर्षं झाली. फ्रेंच मी रेटून रेटून शिकले. माल्कम ‘बोंजूर’च्या पुढे गेला नाही, पण फेर्नांचा ट्रॅक्टर दोनदा चालू करून दिला म्हटल्यावर त्याला भाषेची गरजच उरली नाही.

पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आलं होतं की इथे अपेरोला एक पेला जास्तीचा मांडतात. पाच माणसं असली तर सहा पेले, सहा खुर्च्या; सहावं ते ‘येणाऱ्याचं’ म्हणायचे. सहावाही भरायचा, आणि सगळे उठले की घरधन्याने तो दारात ओतून टाकायचा. आमच्याकडे पहिली पाळी आली तेव्हा मी आपले पाच मांडले. सोलांजबाई उठल्या, माझ्या कपाटाचं दार उघडलं, सहावा पेला काढून ठेवला आणि पुन्हा येऊन बसल्या. मला राग आला. माझ्या कपाटात माझी सख्खी बहीणसुद्धा हात घालत नाही. पण नव्या गावात तोंड दाबून बसायचं असतं. पुढच्या पाळीपासून मी सहा मांडायला लागले आणि विषय संपला.

२

गेल्या वर्षी फेब्रुवारीत माल्कम लाकडांच्या ढिगापाशी पडला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

लिमोजच्या इस्पितळात सात आठवडे काढून घरी आणला तो चाकांच्या खुर्चीत. फेर्नांने न सांगता दाराशी उतार बांधून ठेवला होता. ओदेत रोज भाज्यांचं सूप गाळून आणायची, कारण माल्कमला कोरडं, भुरभुरीत काही चालत नव्हतं. घशातली ताकद गेली होती. सोलांजबाई शहाऐंशी वर्षांच्या, पण दुपारी विणकाम घेऊन त्याच्याजवळ येऊन बसायच्या, म्हणजे मला दोन तास डोळा लावता यायचा. मी फटकळ बाई आहे, पटकन कुणाचे उपकार मानत नाही. पण ही तीन म्हातारी माणसं नसती तर मी त्या वर्षी वेडी झाले असते.

मला माल्कम परत हवा होता. चालणारा नको, बोलणारा हवा होता. सत्तेचाळीस वर्षं माझ्या डोक्याशी बडबड करणारा माणूस गप्प बसला की घर कसं होतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. सकाळी मी चहा करताना स्वतःशी मोठ्याने बोलायची आणि मध्ये थांबायची, त्याच्या उत्तराला जागा सोडून.

ऑक्टोबरात आमची पाळी होती. सगळे गेल्यावर मी पेले धुवायला घेतले. सहावा रिकामा. मी तो दारात ओतला नव्हता, विसरले होते. माझी पहिली शंका फेर्नांवर. बाटली उघडली की त्याचा हात कुणाच्या पेल्याकडे जाईल याचा भरवसा नाही. मी माल्कमला म्हटलं, बघ तुझा दोस्त, येणाऱ्याचंही सोडत नाही.

पुढच्या पाळीला मी मुद्दाम फेर्नांला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं आणि सहाव्या पेल्यावर डोळा ठेवला. अक्रोडाची वाईन होती, ओदेतने केलेली, दाट. ती काचेला चिकटते, गरम पाण्याशिवाय निघत नाही. सव्वाबारापर्यंत पेला काठोकाठ होता. मग माल्कमला ठसका लागला, मी त्याच्या पाठीवर हात फिरवत होते, ते दोन मिनिटांचं काम. मान वर केली तर पेला रिकामा. हातात घेऊन बघितला. काच कोरडी होती, धुऊन पुसून ठेवल्यावर असते तशी.

मी तो कपाटात ठेवला. दुसरं काय करणार?

३

यानंतर मी कान देऊन राहायला लागले, आणि कान दिला की घर बोलायला लागतंच. जुनं घर आहे, तुळया फुगतात, आकसतात, मला माहीत आहे. छपरात घुशीएवढे उंदीर आहेत, तेही माहीत आहे. पण वेताच्या बैठकीची खुर्ची कुणी टेकलं की एक आवाज करते आणि कुणी उठलं की दुसरा. हे दोन आवाज सव्वीस वर्षं शाळेत ऐकलेत मी, पाठमोरी असतानाही सांगेन कोण बसलं आणि कोण उठलं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी पाहुणे गेले होते. माल्कम बसायच्या खोलीत एकटा, मी स्वयंपाकघरात. खोलीतून खुर्ची करकरली. बसल्याचा आवाज. मी हात तसेच ओले घेऊन आत गेले. माल्कम त्याच्या चाकांच्या खुर्चीत, जिथे ठेवला होता तिथेच. त्याच्या शेजारी सहावी खुर्ची, थोडी त्याच्याकडे वळलेली. ती मी तशी ठेवली होती की नव्हती, आठवेना. माल्कम तोंडाच्या चालत्या बाजूने हसत होता. माझ्याकडे बघून नाही, खुर्चीकडे बघून. नऊ महिन्यांत तो माझ्यासाठी एकदाही असा हसला नव्हता. मला भीती वाटायला हवी होती. मला हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी सूप घेऊन आलेल्या ओदेतला मी हळूच विचारलं की ते जास्तीचं पान कुणासाठी असतं. ती बरणीचं झाकण फिरवत राहिली. मग म्हणाली, “कुणाला मागायची वेळ येऊ नये म्हणून मांडतो. मागायची वेळ आली की मग वाईट दिसतं.”

“पण कुणाला?”

“मादाम बेरिल, तुम्ही शाळेत मुलांना वाढायचात. रांगेत कोण आहे हे बघून वाढायचात का?”

मी म्हटलं, बघूनच वाढायची, मोजूनसुद्धा. ती हसली नाही.

मेंदूला मार बसलेली माणसं उगाच हसतात. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, छापील कागदही दिला होता. मी तो कागद काढून पुन्हा वाचला आणि चुलीशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवला.

नाताळात आमची मुलगी डेबी लीड्सहून आली. चार दिवस राहिली, चारही दिवस रडली. जाताना म्हणाली, “आई, ईस्टरपर्यंत बघू. तोवर बाबा बोलायला लागले नाहीत तर तुम्ही दोघं परत यायचं. त्यांच्यासाठी संस्था बघून ठेवली आहे मी. तू एकटी किती ओढशील?” तिचं चुकत नव्हतं. संस्था म्हणजे भिंतीला लावलेल्या खुर्च्यांची रांग आणि मी बुधवारी भेटायला जाणार. माझ्याकडे तीन महिने होते.

४

जानेवारीत इथे गालेत कापतात. पापुद्र्यांची गोल चपटी पोळीच म्हणा, आत बदामाचं सारण आणि सारणात लपवलेली बोटाएवढी चिनी मातीची बाहुली. ज्याच्या तुकड्यात बाहुली निघेल तो राजा, त्याला कागदी मुकुट. लबाडी होऊ नये म्हणून सगळ्यांत लहान माणसाने टेबलाखाली बसायचं. वर एकजण तुकड्याला हात लावून विचारतो, हा कुणाचा? खालून नाव येतं, त्याला तो मिळतो. आणि हजर माणसांहून एक तुकडा जास्त कापायचा. तो येणाऱ्याचा. त्याचं नाव शेवटी घ्यायचं.

आधीची सगळी वर्षं गालेत फेर्नांकडे झाली होती आणि टेबलाखाली त्याची नात बसायची. यंदा ती कॅनडात शिकायला गेलेली, आणि पाळी आमची. वाडीत सगळ्यांत लहान मी निघाले, अडुसष्ट वर्षांची. फेर्नां आठवडाभर मला चिडवत होता, की इंग्रज बाई टेबलाखाली गेली तर तिला बाहेर काढायला माल्कमचा बसचा जॅक लागेल.

गावातल्या बेकरीत मी पाच जणांचं गालेत मागितलं. बेकरीवालीने सवयीने सहांचं खोक्यात घातलं. मी म्हटलं, “पाचांचंच द्या.” ती म्हणाली, “मादाम, पाच आणि एक.” मी तिला हिशेब समजावला. आम्ही पाचजण, पण माझ्या नवऱ्याला कोरडं चालत नाही. नोव्हेंबरात एका बिस्किटाने तो काळानिळा पडला होता. म्हणजे खाणारे चार. त्याचा तुकडा तो येणाऱ्याचा. पाचांत भागतं, वाया काही जात नाही. मग तिने पाचांचं दिलं. माझ्या हिशेबात मला तेव्हा काही चूक दिसली नाही. अशा हजेऱ्या मी आयुष्यभर लावल्या होत्या: आजारी पोरांची नावं वजा करायची आणि उरलेल्यांना वाढायचं.

घरी आल्यावर मी गालेत स्वयंपाकघरातच कापून ठेवलं, पाच समान भाग, आणि वर रुमाल झाकला. माल्कमची चाकांची खुर्ची आल्यापासून टेबलाशी जागा पुरत नव्हती. तीन पाहुणे, तो आणि मी. सहावी खुर्ची मी माळ्यावर नेऊन ठेवली.

५

चार वाजता सगळे आले. सोलांजबाईंनी लाकडी जोडे दाराशी काढले आणि नमद्याच्या सपातांनी आत आल्या. फेर्नांनेही चिखलाचे बूट काढले. गालांना गाल लावून झाले, माल्कमच्या डोक्यावरून ओदेतने हात फिरवला. फेर्नांने टेबलाभोवती नजर फिरवली आणि खुर्ची कुठे गेली म्हणून विचारलं. मी म्हटलं, जागा नाही, माझी मोकळीच आहे की आता, मी तर खाली जाते आहे. आणि गुडघे कुरकुरत टेबलाखाली शिरले. पांढरा टेबलक्लॉथ सगळीकडून लोंबत होता. आत दुधाळ उजेड होता.

वर रुमाल काढल्याचं कळलं, कारण सगळे एकदम गप्प झाले.

“पाचच?” सोलांजबाईंचा आवाज.

मी खालूनच हिशेब सांगितला. माल्कमचा धरून पाच.

“बाहेर या, मादाम बेरिल. आपण पुन्हा कापू. लहान लहान करू.”

इथे माझा स्वभाव आडवा आला. तोच आडवा येत आला आहे जन्मभर. माझ्या घरात, माझ्या टेबलावर, मी कापलेलं पुन्हा कापायचं? त्या कपाटाचं मी अजून विसरले नव्हते. मी म्हटलं, “एकदा खाली बसले आहे, आता उठवू नका. विचारा तुम्ही.”

कुणी तरी उसासा टाकला. मग चमचा ताटलीला लागला.

“हा कुणाचा?”

“सोलांजबाईंचा.” समोर त्यांच्या तपकिरी सपाता होत्या.

“हा?”

“फेर्नांचा.” त्याचे मोजे, टाचेला दुसऱ्याच रंगाच्या लोकरीने रफू केलेले.

“हा?”

“ओदेतचा.” तिचे चेनवाले बूट, नीट जुळवून ठेवलेले. माल्कमचे पाय चाकांच्या खुर्चीच्या पट्ट्यांवर, सकाळी मी उचलून ठेवले होते तसे, उजवा जरा बाहेर पडलेला.

आणि माझ्या खुर्चीपुढे दोन पाय होते.

मी आधी माझंच काहीतरी चुकलं असं धरलं. पुन्हा मोजलं. सपाता, मोजे, बूट, माल्कम. आणि हे. राखाडी लोकरीचे जाड मोजे, घोट्याशी घसरलेले. डाव्या पावलावर उजवं पाऊल ठेवलेलं, आरामात, जेवणाची वाट बघणाऱ्या माणसासारखं. मोज्याच्या आत उजव्या पायाचा अंगठा सावकाश वर खाली होत होता. गुडघ्यांच्या वर टेबलक्लॉथ होता. तो हाताने उचलला असता तर दिसलं असतं. माझा हात उचलला नाही.

फेर्नां चेष्टा करतो आहे, कुणाला तरी मागच्या दाराने आणून बसवलं आहे, असं मी स्वतःला सांगितलं. पण मागच्या दाराला आतून अडसर होता, आणि खुर्चीचा आवाज मला ऐकू आला असता.

“हा कुणाचा?” सोलांजबाई विचारत होत्या. दुसऱ्यांदा विचारत होत्या बहुतेक.

“माझा,” मी म्हटलं. खुर्ची माझी होती.

अंगठा थांबला. पावलं एकमेकांवरून उतरली, जमिनीला टेकली, आणि माल्कमच्या दिशेने वळली.

शेगडीतलं लाकूड तडतडलं. मग सोलांजबाई बोलल्या, त्या लहान मुलाशी बोलतात तसं, हळू आणि सुटं सुटं.

“एकच उरला आहे, मादाम बेरिल. घाई नाही. विचार करा आणि सांगा.”

मला काहीच कळलं नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण भीती आणि सवय एकाच वेळी आली की सवय जिंकते. माझ्या डोळ्यांसमोर माल्कमचा निळा पडलेला चेहरा होता, घशात अडकलेलं बिस्किट होतं. त्याला हा तुकडा द्यायचा नव्हता. त्याच्यासाठी मी दुधातली खीर करून ठेवली होती. मी त्याच्या भल्याचंच बघत होते.

“येणाऱ्याचा,” मी म्हटलं.

“आणि मस्यू माल्कम?”

“त्याला नाही.”

माझ्या खुर्चीने आवाज केला. उठल्याचा. मी बघत होते तिथली पावलं मग तिथे नव्हती. फरशीवर ओल नाही, धूळ नाही, काही नाही.

मी माल्कमच्या पायांकडे बघितलं. अकरा महिने मी दोन्ही हातांनी उचलून ठेवत आलेला त्याचा उजवा पाय पट्टीवरून आपणहून उतरला. सावकाश सरकला, डाव्या पावलावर जाऊन बसला. चेक्सच्या सपातेच्या आत अंगठा वर खाली व्हायला लागला.

६

बाहेर येताना माझं डोकं टेबलाला आपटलं. माल्कम खात होता. उजव्या हाताने. पापुद्रे त्याच्या स्वेटरवर पडत होते आणि तो कोरडा घास चावत होता, गिळत होता, ठसका नाही की खोकला नाही. सोलांजबाईंच्या हातात चमचा तसाच होता.

“मी दिला नाही,” त्या म्हणाल्या. “त्यांनी हात पुढे केला.”

माल्कमने तोंडातून काहीतरी काढलं आणि ताटलीच्या कडेला ठेवलं. चिनी मातीची बाहुली. मग तो बोलला. फ्रेंचमध्ये बोलला, फेर्नां त्याच्या गायींशी बोलतो त्या जुन्या गावठी बोलीत, आणि सोलांजबाईंकडे बघून बोलला. मला त्यातले दोनच शब्द कळले, भूक आणि बरीच वर्षं. आवाज मात्र माल्कमचाच होता.

मी काय केलं? मी रडले. आनंदाने रडले, लाजत नाही सांगायला. गुडघ्यांवर बसून त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि माल्कम, माल्कम म्हणत राहिले. त्याने माझ्या केसांवर हात ठेवला. हात ऊबदार होता. वर बघितलं तर ती तिघं भिंतीला लागून उभी होती. फेर्नांने टोपी काढून हातात धरली होती. त्यांच्यापैकी कुणीही मला शाबासकी दिली नाही, की त्याला मिठी मारली नाही. कुणीच आपला तुकडा खाल्ला नव्हता.

जाताना सोलांजबाईंनी मला दारात जवळ घेतलं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवलं. म्हणाल्या, “मी मोठ्याने सांगायला हवं होतं. बाहेरच्या माणसाला आपण सांगत नाही, हीच आमची खोड.” मी त्यांना म्हटलं, सांगायचं काय, बघा की तो बोलतो आहे.

७

डॉक्टर म्हणतात असं होतं, क्वचित होतं, पण होतं. आठवणीत भोकं पडतात, बोलण्याची ढब बदलते, आवडीनिवडी बदलतात. त्यांनी मला दुसरा कागद दिला. फोनवर बापाचा आवाज ऐकून डेबी इतकी रडली की तिच्या नवऱ्याला फोन घ्यावा लागला. ईस्टर आला आणि गेला. संस्थेचं नाव आता कुणी काढत नाही. मला हवं होतं ते सगळं मिळालं आहे.

तो आता काठी घेऊन चालतो. घरातलं एक भिंतीतलं कपाट नऊ वर्षं उघडत नव्हतं, माल्कमने पकडी, हातोड्या सगळं लावून बघितलं होतं. ह्याने त्याच्या खालच्या कोपऱ्यात मूठ मारली आणि ते उघडलं. आत काही नव्हतं. त्याने आत हात फिरवला आणि पुन्हा लावून टाकलं. फेर्नांचा ट्रॅक्टर मार्चमध्ये बंद पडला तेव्हा मात्र तो शेजारी उभा राहून नुसता बघत राहिला. इंजिनाचं झाकण कुठून उघडतं तेही त्याला ठाऊक नव्हतं.

रविवारी सगळे येतात. पहिल्याच रविवारी मी सवयीने सहा पेले काढले. सोलांजबाईंनी सहावा उचलून परत कपाटात ठेवला. मी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं, माझ्या तोंडून आपोआप गेलं, की मग माल्कमसाठी ठेवू या का? तो आला तर?

“तो कसा येईल?” त्या म्हणाल्या. “आपले गेलेले येतात, कारण त्यांना ही घरं माहीत असतात. तो इथला नव्हता.”

त्यांना वाईट वाटत होतं. मला दिसत होतं ते. मी नळ सोडला आणि उगाच पेले विसळत राहिले.

सकाळी आम्ही दोघं कॉफी घेतो. चहा त्याला आवडत नाही. तो मला विचारतो, सभ्यपणे विचारतो, एका दिवशी एकच गोष्ट. बेरिल, आपलं लग्न कुठे झालं? बेरिल, मुलीला कुठल्या गालावर तीळ आहे? आपण भांडायचो का, आणि कशावरून? मी सांगते. तो मान हलवतो, ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघतो, आणि पुन्हा त्यात चूक करत नाही. पहिल्या महिन्यात मी मुद्दाम खोटं सांगून बघितलं होतं. लग्न स्कारबरोला झालं म्हटलं, झालं होतं हॅलिफॅक्सला. त्याने तेही तसंच मान हलवून घेतलं. मग मला रात्रभर झोप आली नाही आणि सकाळी मीच ते दुरुस्त केलं. खोट्या माणसाबरोबर राहवत नाही. निदान गोष्टी तरी खऱ्या असू देत.

एकच गोष्ट मी सांगितली नव्हती. माल्कम मला एका नावाने हाक मारायचा, दार लावून घेतल्यावरच मारायचा, सत्तेचाळीस वर्षं. डेबीलाही ते माहीत नाही. ते नाव काही फार सुंदर नाही, बसच्या एका सुट्या भागाचं आहे. पण ते आम्हा दोघांचं होतं आणि आता एकटीचं उरलं होतं. जूनमध्ये त्याने विचारलं, मी तुला लाडाने काय म्हणायचो? मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, बरं. जुलैत पुन्हा विचारलं. ऑगस्टमध्ये विचारलं नाही, नुसता माझ्याकडे बघत बसला, उजवं पाऊल डाव्यावर ठेवून. त्याला घाई नाही.

काल दिवसभर पाऊस होता. कुणी आलं नाही, कुणी फोन केला नाही. मी चार वाजेपर्यंत एक शब्द बोलले नव्हते. मग खिडकीशी उभं राहून, त्याच्याकडे पाठ करून, मी त्याला ते नाव सांगितलं.

त्याने नेहमीसारखं एकदा ओठांत म्हणून बघितलं. संध्याकाळी मी वर कपड्यांच्या घड्या करत होते, तेव्हा जिन्याखालून हाक आली. तेच नाव, शेवट जरा ओढून, माल्कम ओढायचा तसा. ओढायचा हे मी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, “आले.” आणि खाली गेले.